पाऊस मोजता, मग भेगा कोण मोजणार?



आजची नोंद थोडी भांडकुदळ आहे, आधीच सांगतो. भांडण पावसाशी नाही, पावसाच्या आकड्याशी आहे. जून लागला की मोबाईलवर सुरू होतं, "मंडळात एवढे एवढे मिमी पाऊस झाला, पेरणीला हरकत नाही." ऑगस्टात सुरू होतं, "पाऊस ६५ मिमीच्या आत आहे, अतिवृष्टी धरता येत नाही." शेततळ्याचं गणित बघा, नाल्याचं बघा, पीक सल्ल्याचं बघा. सगळी सुरुवात एकाच आकड्यापासून होते, पाऊस किती पडला.

माझं म्हणणं सरळ आहे. भारी काळ्या जमिनीत नुसता पावसाचा आकडा म्हणजे अर्धं वाक्य. उरलेलं अर्धं वाक्य जमिनीत असतं, पाऊस पडायच्या आधी ती किती फाटलेली होती आणि किती फुगलेली होती यात. ते अर्धं वाक्य न वाचता जो कोणी सल्ला देतो, मॉडेल चालवतो, नुकसान ठरवतो, त्याचं गणित आमच्या वावरात चुकतं. एखाद्या साली नाही, दर साली चुकतं.

आधी माती काय करते ते बघू. आपली काळी माती बेसाल्ट दगड झिजून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना वहीच्या पानांसारखी, थरावर थर. पाणी आलं की ते या थरांच्या मधे शिरतं, थर एकमेकांपासून लांब जातात, माती फुगते. पाणी गेलं की थर जवळ येतात, माती आकसते, आणि आकसायला जागा नसली की फाटते. म्हणून उन्हाळ्यात आपल्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, काही ठिकाणी मीटरभर खोल. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत केओलिनाइट जास्त, त्याचे थर असे उघडत नाहीत, म्हणून ती माती फुगत नाही. पाऊस कोकणात आपल्या कितीतरी पट, पण जमीन फाटते ती आपली.

आता या फाटलेल्या जमिनीवर पहिला जोराचा पाऊस पडला की काय होतं? पाणी वरून थराथराने मुरत जात नाही. ते उताराने भेगेकडे धावतं आणि भेगेतून थेट खाली उतरतं. खालची माती ओली, वरची चार बोटं ओली, आणि मधलं ढेकूळ आतून कोरडं. मग ढेकूळ कडेकडेने भिजायला लागतं, फुगतं, भेग दोन्ही बाजूंनी आवळत जाते आणि एक दिवस बंद होते. भेग बंद झाली की दार बंद. त्यानंतर पडणारं पाणी उभं तरी राहतं नाहीतर धुऱ्यावरून नाल्याला जातं.

हे मी मनचं सांगत नाही. हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून आहे. तिथे काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग मोजलेला आहे. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत पहिल्या अर्ध्या तासात ताशी ७६ मिमीच्या आसपास वेगाने पाणी आत गेलं. दुसऱ्या तासात तो वेग ताशी ४ मिमीच्या आसपास आला. सहा दिवस भिजल्यावर ताशी पाव मिमीसुद्धा राहिला नाही. माती तीच, जागा तीच. वेगात फरक तीनशेपटीहून जास्त. आता सांगा, "या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग किती" या प्रश्नाला एकच आकडा कसा देणार? आणि जो देतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार?

आमच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा तर याच्याही पुढे. तिथे मातीत सोडियम जास्त. सोडियममुळे चिकणमातीचे कण भिजल्यावर विखुरतात, बारीक छिद्रं बुजतात, आणि जमीन भिजली की पार डबडबून जाते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या गावांतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाऊस थोडा झाला तरी चिखल, उघडला की दगड, आणि दोन्हीच्या मधे वाफसा जेमतेम एक-दोन दिवस.

गणिताचीच भाषा पाहिजे असेल तर तीही बोलू. पावसातलं किती पाणी वाहून जाईल हे काढायची कर्व्ह नंबर नावाची रीत आहे. मूळ अमेरिकेच्या कृषी खात्याची, आपल्याकडे पाणलोटाच्या कामात सर्रास वापरतात. गंमत बघा, या रीतीचं जे रूप आपल्या देशात शिकवलं जातं, त्यात काळ्या जमिनीला वेगळी वागणूक आहे. कोरडी काळी जमीन सुरुवातीला किती पाणी गिळते याचा गुणक ०.३ धरायचा, आणि आधीच भिजलेल्या काळ्या जमिनीला ०.१. बाकीच्या जमिनींना कायम ०.३. म्हणजे ज्याने हे ठरवलं त्याला माहीत होतं की काळी माती भिजली की तिचं वागणं पालटतं.

चला, करून बघू. सरळ ओळीत पेरलेलं पीक, भारी काळी जमीन, कर्व्ह नंबर ९१. पाऊस ५० मिमी. जमीन कोरडी असेल तर वाहून जाणारं पाणी येतं सुमारे १२ मिमी. आधी भिजलेली असेल तर येतं सुमारे ४० मिमी. पाऊस तोच ५० मिमी, वाहून जाणारं पाणी तिपटीहून जास्त. फरक २८ मिमीचा. एका एकरावर एक मिमी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर, तर हा फरक झाला एकरी एक लाख तेरा हजार लिटरचा. एवढं पाणी एका वेळी जमिनीत राहिलं आणि दुसऱ्या वेळी माती घेऊन नाल्याला गेलं. मोबाईलवर दोन्ही वेळा मेसेज एकच, "पाऊस ५० मिमी."

पण ही रीतसुद्धा पुरी पडत नाही. तिच्यात जमीन कोरडी की ओली हे ठरतं मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून. हंगामात पाच दिवसांत ३६ मिमीच्या आत तर कोरडी, ५३ च्या वर तर ओली. आमची भेग काय पाच दिवसांची असते? ती फेब्रुवारी-मार्चात पडायला लागते आणि जूनपर्यंत वाढत जाते. तीन महिने फाटलेली जमीन पाच दिवसांच्या ५५ मिमीने सांधली जाते का? वरून सांधलेली दिसते. वखरणीची मोकळी माती भेगेच्या तोंडात पडते, पावसाने बसते, जमीन एकसारखी दिसते. गज घालून बघा, खाली पोकळ लागते. मातीची आठवण पाच दिवसांपेक्षा लांब असते. मॉडेलची पाच दिवसांची.

आता हे सगळं पेरणीत कुठे लागतं ते बघा. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सांगतात. सल्ला वाईट नाही, कोरड्यात घाई करणाऱ्याला थांबवतो. पण ८० मिमी कसा पडला? एका रात्री ८० मिमी धो धो पडला तर त्यातला मोठा वाटा भेगेतून खाली गेला. आठ दिवस रोज दहा-दहा पडला तर भेगेपर्यंत पोचलाच नाही, वरची माती भिजली आणि उन्हाने उडाला. दोन्हीकडे बेरीज ८०. पहिल्या वावरात खाली ओल आहे पण बियाच्या थरात सलग नाही. दुसऱ्यात बियाच्या थरात आहे पण खाली आधार नाही. दोघांनीही सोयाबीन पेरलं आणि पंधरा दिवस उघाड पडली, तर दोघांची मोड होते, कारणं मात्र वेगळी. दुबार पेरणीचं बियाणं, खत, मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून जाते. आकडा पाठवणाऱ्याचं काहीच जात नाही.

दुसरी जागा नुकसानीची. चोवीस तासांत ६५ मिमी पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी. हा आकडा कोकणाच्या जांभ्याला तोच, नगरच्या मुरमाड बरडाला तोच, आणि वऱ्हाडातल्या दहा-पंधरा फूट काळ्या जमिनीलाही तोच. जुलैच्या सुरुवातीला, खंडानंतर, फाटलेल्या जमिनीवर ७० मिमी पडला तर आमचं वावर तो पिऊन टाकतं, दोन दिवसांत डवरा चालतो. पण ऑगस्टाच्या शेवटी, आठवडाभर रिपरिप होऊन जमीन फुगून बसलेली असताना ४० मिमी पडला तर पाणी जागचं हलत नाही. मुळांना हवा मिळत नाही. कपाशी लाल-पिवळी पडते, पात्या गळतात, तूर उभी वाळते. कागदावर पहिली घटना अतिवृष्टी आणि दुसरी साधा पाऊस. वावरात पहिली घटना आशीर्वाद आणि दुसरी सत्यानाश.

खरं तेही सांगतो. २०२३ साली राज्य सरकारने सततचा पाऊस ही सुद्धा नैसर्गिक आपत्ती धरायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. एका दिवसाचा आकडा पुरा पडत नाही हे त्यात कबूल केलं गेलं. पण तिथेही मोजलं जातं आकाशातून काय पडलं ते. खाली कोणती माती होती आणि ती आधीच किती भरलेली होती, हा रकाना अजून आलेला नाही.

आता कोणी म्हणेल, भाऊ, मातीचं फुगणं मोजणं फार अवघड शास्त्र आहे. अजिबात नाही. सरकारला ते चांगलं येतं, फक्त सिमेंटच्या बाबतीत येतं. काळ्या मातीवर कालव्याचं अस्तर टाकलं की माती फुगून ते उचलतं आणि फोडतं. त्यावर मुंबई आयआयटीच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी उपाय शोधला. न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर मधे द्यायचा. त्यावर भारतीय मानक निघालं. घराच्या पायासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर बुंधा असलेले खांब काढले, म्हणजे वरची माती हलली तरी घर खालच्या स्थिर थराला धरून राहतं. माती किती फुगते हे बघायला प्रयोगशाळेत साधी चाचणी आहे. दहा-दहा ग्रॅम वाळलेली बारीक माती दोन नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हीतला फरक बघायचा. पन्नास टक्क्यांच्या आत असला तर फारशी चिंता नाही, शंभरच्या वर गेला तर सावध. हे सगळं गेली कित्येक वर्षं मानकात छापलेलं आहे.

मग कालव्याला एक शास्त्र आणि शेताला दुसरं का? अस्तर फुटलं तर माती फुगली म्हणून अहवाल येतो. सोयाबीन कुजलं तर पाऊस किती झाला म्हणून विचारतात. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते, त्यात १२ गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सगळ्या कामाच्या. पण माती किती फुगते, किती आकसते, चिकण किती टक्के, हे त्यात एका शब्दाने नाही. आरोग्य तपासलं आणि माणूस श्वास कसा घेतो तेच बघितलं नाही, तसं झालं.

मॉडेलवाल्यांनाही दोन शब्द. पाण्याचा ताळेबंद मांडायची जी साधी मॉडेलं सल्ल्यात वापरतात, ती जमिनीला पिंप समजतात. पिंपात इतकं पाणी मावतं, पाऊस आला की भरतं, पीक पितं तसं उतरतं, जास्त झालं की सांडतं. लाल मातीला, पोयट्याला हे चालून जातं. आमचं पिंप सुरुवातीला तळाला फुटकं असतं, भिजत गेलं की त्याचं तोंड आवळतं, आणि त्याचा आकारही बदलतो. असं पिंप गणितात बसत नाही असं म्हणू नका. स्वीडनमध्ये 'मॅक्रो' आणि हॉलंडमध्ये 'स्वॅप' ही मॉडेलं आहेत. त्यांत भेगेतून किंवा मोठ्या पोकळ्यांतून जाणारं पाणी वेगळं आणि मातीतून मुरणारं पाणी वेगळं धरता येतं. स्वॅपमध्ये माती वाळली की किती आकसेल यावरून भेग किती उघडेल तेही काढता येतं. तिकडच्या चिकणमातीसाठी त्यांनी एवढं केलं. आपल्याकडे विदर्भ आणि मराठवाड्याचा केवढा पट्टा या मातीवर जगतो, आणि आपण पिंपच चालवतोय.

यावर शास्त्रज्ञ मंडळींचा एक आक्षेप मी ऐकलेला आहे, आणि तो खोटा नाही. प्रत्येक वावराची भेग वेगळी, एकाच वावरात वरच्या आणि खालच्या अंगाला वेगळी, मग एवढी माहिती आणायची कुठून? माझं उत्तर असं. पाऊससुद्धा या शिवारात पडतो आणि त्या शिवारात पडत नाही. तरी तुम्ही मंडळाला एक केंद्र ठेवलं आणि त्यावर पैसे वाटायला लागलात ना? मग त्या पर्जन्यमापकाशेजारी त्या मंडळातल्या मुख्य मातीचा दहा फुटांचा तुकडा राखा आणि त्यातली ओल आणि भेग मोजा. अपुरं असेल, पण आज जे शून्य आहे त्यापेक्षा बरं. मातीचे नकाशे तर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेकडे आहेतच. पावसाचा तक्ता आणि मातीचा नकाशा एकमेकांना भेटवायचे आहेत, एवढंच.

आणि आपल्या लोकांनाही सुनावतो. "आमच्या आज्यानं कुठे मॉडेल केलं होतं, पायाला माती लागली की कळतं" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. कळतं, मान्य. पण पायाला कळलेलं तलाठ्याच्या पंचनाम्यात लिहिता येत नाही आणि विद्यापीठाच्या संगणकात घालता येत नाही. आकड्याशी भांडायचं तर आकडाच लागतो. आणि तो काढायला लॅब लागत नाही.

भेग अशी मोजा. चार काड्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा, वावरात मधोमध ठेवा. आतल्या सगळ्या भेगांची लांबी सुतळीने मोजा. रुंदी चार-पाच जागी पट्टीने. खोली जाड तार घालून, जिथे अडेल तिथपर्यंत. समजा लांबी एकूण ३ मीटर, रुंदी सरासरी ३ सेंमी, खोली ६० सेंमी. भेग खाली निमुळती असते म्हणून गुणाकाराचं अर्धं धरा. येतात २७ लिटर. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिमी पाऊस. म्हणजे तुमच्या वावरात नुसत्या भेगाच २७ मिमी पाणी घेऊन बसू शकतात, एकरी लाखाच्या वर लिटर. हे गणित दहावीच्या पुढचं नाही.

मातीचं आकसणं असं बघा. माती चाळून पुरणासारखी मळा, जनावराच्या इंजेक्शनच्या सिरिंजचं टोक कापून तिच्यातून १० सेंमीची वळी काढा, सावलीत पूर्ण वाळू द्या, परत मोजा. ९ सेंमीवर आली तर समजा माती खूप फुगणारी आहे. लांबीत दहावा भाग गेला म्हणजे आकारमानात चौथ्या भागाहून जास्त गेला.

आणि पेरायच्या आधी आकडा वाचायचा तर वाचा, पण फावडं घेऊन तीन जागी खणा. वीतभर सलग ओल आहे का, मधे कोरडं ढेकूळ लागतं का, मुठीत लाडू होऊन बोटाने फुटतो का, ते बघा. पिकात डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी काढून ठेवा. जमीन फुगून दार बंद झालं की जास्तीच्या पाण्याला तीच वाट. रुंद वरंबा-सरीची पद्धत इक्रिसॅटने याच मातीसाठी पुढे आणली ती याच कारणाने.

मागणी चार ओळींची आहे. पेरणीचा सल्ला मिमीबरोबर ओलीच्या खोलीत द्या, आणि मातीप्रमाणे वेगळा द्या. मंडळाच्या पर्जन्यमापकाशेजारी मातीची ओल मोजा आणि ती रोज जाहीर करा. नुकसानीचा निकष ठरवताना पाऊस पडायच्या आधी जमीन किती भिजलेली होती ते धरा. मृदा पत्रिकेत चिकणमातीचं प्रमाण आणि फुगण्याचा आकडा घाला.

हे मोफत धान्य मागणं नाही आणि कर्जमाफीही नाही. जे शास्त्र कालव्याच्या सिमेंटला लावता तेच आमच्या पिकाला लावा, एवढीच मागणी आहे.

पुढच्या मे महिन्यात ज्यांची काळी जमीन आहे त्यांनी चौकट टाकून भेगा मोजा. गाव, मातीची खोली, लांबी, रुंदी, खोली, तारीख एवढं वहीत लिहा आणि खाली टाका. कृषी सहायक, विद्यापीठातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी मोजण्याच्या रीतीत काय सुधारावं ते सांगावं, ऐकून घेऊ. पन्नास वावरांचे आकडे जमले की कागद घेऊन तालुक्याला जाऊ. तोवर मोबाईलवर मिमीचा मेसेज आला की पाठवणाऱ्याला एकच विचारा, भाऊ, माती किती फाटलेली होती ते पण सांग.